यंत्र शिकवू लागल्यावर शिक्षकाने काय शिकवावे?

(शिक्षक व व्यावसायिकांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात उठून दिसणारे ऑनलाइन अभ्यासक्रम कसे घडवावेत, या विषयावर मी बोलावे असे संयोजकांनी सुचवले. समोर बसलेल्यांपैकी काही जण शाळा-महाविद्यालयांत शिकवतात, काहींचे स्वतःचे क्लासेस आहेत. काही लेखापाल, अभियंते आणि बागायतदार आहेत. आपले चाळीस वर्षांचे ज्ञान पुढच्या पिढीच्या हाती द्यावे, या इच्छेने ते येथे आले आहेत. मी तंत्रज्ञ नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आणि वृत्तपत्राच्या कचेरीत आयुष्य घालवलेला माणूस आहे. त्यामुळे कोणता कॅमेरा घ्यावा, कोणते सॉफ्टवेअर वापरावे, हे मी सांगणार नाही. त्याआधीचा एक प्रश्न आहे, त्याचा विचार आपण एकत्र करू.

तो प्रश्न असा. ज्या विषयाचा अभ्यासक्रम सिद्ध करण्यासाठी आपण सहा महिने खपणार, त्याचा आराखडा, टिपणे, चित्रे, प्रश्नपत्रिका आणि निवेदकाचा आवाजसुद्धा यंत्र आज काही मिनिटांत तयार करून देते. मग आपला अभ्यासक्रम कोणी का घ्यावा? हा प्रश्न टाळून जो पुढे जाईल, त्याचे श्रम वाया जाण्याचा संभव मोठा आहे. ज्यांची उपजीविका शिकवण्यावर चालते, त्यांच्यासाठी तर हा घर चालण्या न चालण्याचा प्रश्न आहे.

माहिती स्वस्त झाली, शिक्षण नव्हे

दूरस्थ शिक्षण ही काही आजची कल्पना नाही. १८४० साली इंग्लंडमध्ये एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली आणि आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलेखन शिकवण्यास आरंभ केला. त्यांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. ते नुसते धडे पाठवीत नसत. विद्यार्थी उताऱ्याचे लघुलेखन करून परत पाठवी आणि ते तपासून, दुरुस्त करून पुन्हा त्याच्याकडे जाई. टपाल हे साधन होते; शिक्षण घडत होते ते त्या दुरुस्तीत.

आपल्याकडे १९७५-७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शिक्षण पोहोचवण्याचा मोठा प्रयोग झाला. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. मुक्त विद्यापीठाने घरपोच पुस्तके दिली, पण त्यावर न थांबता गावोगाव अभ्यासकेंद्रे उभारली आणि तेथे शंका विचारण्यासाठी माणूस बसवला. पुस्तक एकटे पुरत नाही, याची ती जाणीव होती.

पुढे इंटरनेट आले. २००१ साली अमेरिकेतील एमआयटीने आपले अभ्याससाहित्य सर्वांना विनामूल्य खुले करण्याचे जाहीर केले. आपल्या आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेने एनपीटीईएलचे काम २००३ च्या सुमारास हाती घेतले. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ सुरू झाले. २०११ च्या शरद ऋतूत सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक अभ्यासक्रम जगाला खुला केला. त्याचा विषय योगायोगाने कृत्रिम बुद्धिमत्ता हाच होता. सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदवली. आता विद्यापीठांच्या भिंती कोसळणार, असे त्या वेळी अनेकांना वाटले. त्या अभ्यासक्रमाच्या अखेरपर्यंत पोहोचले सुमारे २३,०००.

एवढे प्रमाणही नंतर टिकले नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमांचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ३.१३ टक्के होते. जगातील नामवंत प्राध्यापक आणि उत्तम चित्रीकरण, तरीही शंभरातील तिघे! माहितीची टंचाई हा शिक्षणातील खरा अडसर असता, तर तो तेव्हाच दूर झाला असता. यंत्राने आज जे स्वस्त केले आहे ते माहितीचे वितरण. आणि ते त्याआधीच जवळपास फुकट झाले होते.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. ज्या अभ्यासक्रमात माहितीखेरीज काही नाही, त्याने आता आशा ठेवू नये. अमेरिकेतील चेग ही कंपनी विद्यार्थ्यांना गृहपाठाची उत्तरे पुरवीत असे. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांपुढे आले. पुढच्या मे महिन्यात त्याचा आपल्या व्यवसायावर परिणाम होत असल्याचे कंपनीने मान्य केले, आणि एका दिवसात तिच्या समभागाची किंमत जवळपास निम्मी झाली. तयार उत्तर विकणाऱ्याचे दुकान तयार उत्तर फुकट देणाऱ्याने बसवले. यातून आपण घ्यावयाचा बोध एवढाच की, उत्तर विकण्याच्या धंद्यात आपण पडू नये.

तयार उत्तराचे नुकसान

मग विद्यार्थ्याला यंत्रापुढे बसवून मोकळे व्हावे काय? तुर्कस्तानातील एका माध्यमिक विद्यालयात सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष समोर आले. एका गटाला सरावाच्या वेळी नेहमीचे चॅटजीपीटीसारखे साधन दिले. दुसऱ्या गटाच्या साधनाला शिक्षकांनी आधी बांधून घातले होते. त्याने उत्तर द्यायचे नाही, फक्त पुढच्या पायरीची सूचना द्यायची. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही. सरावात पहिल्या गटाचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले, दुसऱ्याचे १२७ टक्क्यांनी. नंतर साधन काढून घेऊन परीक्षा घेतली. तेव्हा पहिल्या गटाची कामगिरी काहीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी घसरली. दुसऱ्या गटाचे तसे नुकसान झाले नाही. मात्र विशेष लाभही दिसला नाही.

हा प्रयोग आपण नीट समजून घेतला पाहिजे. सरावात भरभरून गुण मिळवणाऱ्या मुलाला आपण शिकलो असेच वाटत होते. शिकल्याचा भास आणि शिकणे यांतील हे अंतर आहे. २००६ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी हेच दुसऱ्या मार्गाने दाखवले होते. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवत होते. पण उतारा मिटून तो आठवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांना आठवड्याने अधिक आठवले. म्हणजे आठवताना होणारी दमछाक हीच स्मरणाची मशागत आहे. ती दमछाक जो अभ्यासक्रम वाचवतो, तो विद्यार्थ्याला सुखावतो आणि रिकाम्या हाताने घरी पाठवतो.

हार्वर्डच्या डेव्हिड मॅलन यांचा संगणकशास्त्राचा ‘सीएस-५०’ हा अभ्यासक्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. संगणकतज्ज्ञांत एक जुनी पद्धत आहे. आज्ञावलीतील चूक सापडत नसेल तर टेबलावर रबरी बदक ठेवून त्याला ती ओळ न् ओळ समजावून सांगायची. सांगता सांगता चूक आपल्यालाच दिसते. २०२३ मध्ये मॅलन यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचे असेच एक बदक विद्यार्थ्यांना दिले. उत्तर हातात ठेवण्याऐवजी विद्यार्थ्याला उत्तरापर्यंत चालवत नेणे, हे त्याचे काम. यंत्र नाकारले नाही. त्याला शिस्त लावली. कोणत्या जागी मदत करायची आणि कोणत्या जागी गप्प राहायचे, हे मात्र शिक्षकाने ठरवले.

एका माणसासाठी

आता अभ्यासक्रम प्रत्यक्ष कसा घडवावा, याकडे येतो. पहिली गोष्ट, तो कोणासाठी आहे हे बोट दाखवून सांगता आले पाहिजे. २००४ साली अमेरिकेतील सलमान खान (आपले चित्रपटातले नव्हेत!) आपल्या नादिया नावाच्या नात्यातील बहिणीला दूरध्वनीवरून गणित शिकवू लागले. त्यातून पुढे खान अकादमी उभी राहिली. जगभर पोहोचलेल्या त्या कामाचा पहिला विद्यार्थी एकच होता, आणि तिचे नेमके काय अडते हे शिकवणाऱ्याला ठाऊक होते.

‘द्राक्षशेती : एक परिचय’ असा अभ्यासक्रम यंत्र आत्ता, या क्षणी लिहून देईल. पण आपल्याकडील द्राक्षबागेची वर्षातून दोनदा छाटणी होते; एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. निफाड तालुक्यात पहिल्यांदाच बाग धरलेल्या तरुणासाठी एखाद्या जाणत्या बागायतदाराने अभ्यासक्रम केला, तर तो बागेच्या पंचांगाप्रमाणे चालेल. खरड छाटणीचा धडा छाटणीच्या आठवड्यात येईल. विद्यार्थी कात्री हातात घेऊन तो पाहील, आपल्या वेलीचे छायाचित्र पाठवील आणि ‘ही काडी ठेवू की काढू’ असे विचारील. असा अभ्यासक्रम पन्नास जणांनी घेतला तरी तो पन्नास बागांत उतरलेला असेल. गृहनिर्माण संस्थेचा नवा सचिव, पहिल्यांदाच दहावीच्या वर्गावर गेलेली शिक्षिका, पतसंस्थेत नुकताच लागलेला लिपिक, अशा प्रत्येकासाठी हेच करता येते. विषय जितका अरुंद कराल तितका तो खोल जाईल.

स्वतःच्या कामाचा पुरावा

दुसरी गोष्ट, यंत्राजवळ जे नाही ते आपल्याजवळ काय आहे, याची यादी करावी. यंत्र छापलेल्या आणि प्रसिद्ध झालेल्या मजकुरावर पोसलेले आहे. आपल्या कपाटातील नोंदवह्या त्याने वाचलेल्या नाहीत. तीस वर्षे हिशेब तपासणाऱ्या लेखापालाला ठाऊक असते की, नवशिक्याची गफलत कोणत्या रकान्यात होते. शिक्षिकेला ठाऊक असते की, अपूर्णांकांची बेरीज करताना मूल अंशात अंश आणि छेदात छेद मिळवते, आणि तसे करताना त्याच्या मनात काय चाललेले असते. अशा शंभर खऱ्या चुकांचा संग्रह, नावे गाळून आणि प्रत्येकीचे कारण सांगून, अभ्यासक्रमात आला, तर त्याची नक्कल सहजासहजी होणार नाही.

आपल्या कीर्तन परंपरेचे उदाहरण येथे आठवते. उत्तररंगातले आख्यान श्रोत्यांना आधीच पाठ असते. सुदाम्याचे पोहे कोणी खाल्ले हे ऐकण्यासाठी कोणी येत नाही. पूर्वरंगात मांडलेला सिद्धांत बुवा त्या आख्यानातून कसा उलगडतात आणि समोर बसलेल्या गावाच्या जगण्याशी त्याची सांगड कशी घालतात, यासाठी लोक येतात. गोष्ट सर्वांची, निरूपण मात्र बुवांचे स्वतःचे.

लाल शाई

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे काम आणि त्याची तपासणी. आमच्या व्यवसायात उपसंपादक व्याख्याने ऐकून तयार होत नाही. त्याने लिहिलेली बातमी लाल शाईने भरून परत येते, तो ती पुन्हा लिहितो, पुन्हा शाई लागते, आणि काही महिन्यांनी शाई कमी होते. पिटमन यांच्या पत्रातही हेच होते. म्हणून अभ्यासक्रमात किती तासांचे व्हिडिओ आहेत हे मोजण्याऐवजी, विद्यार्थी किती वेळा स्वतः काही करून पाठवतो आणि ते तपासून परत जाते, हे मोजावे. वीस तासांच्या व्हिडिओपेक्षा चार तासांचे व्हिडिओ आणि आठ तपासलेली कामे अधिक मोलाची.

यंत्र प्राथमिक तपासणी उत्तम करते. व्याकरण, आकडेमोड, राहून गेलेली पायरी ते दाखवते. तेथे त्याचा उपयोग अवश्य करावा. पण ‘हे बरोबर आहे, तरीही असे करू नकोस’ हे सांगण्यासाठी त्या क्षेत्रात उन्हाळे-पावसाळे काढलेला माणूस लागतो. विद्यार्थी शुल्क देतो ते या एका वाक्यासाठी.

सोबत आणि ठरलेली वेळ

चौथी गोष्ट सोबतीची. शंभरातील सत्त्याण्णव जण वाटेत गळतात ते सारेच विषय कठीण म्हणून नव्हे. अनेकांची कोणी वाट पाहत नसते, हेही कारण आहे. ‘केव्हाही पाहा’ असे म्हटले की ते ‘कधीच न पाहणे’ होते. म्हणून तीस-चाळीस जणांची तुकडी करावी, आरंभ आणि शेवट ठरवावा, आठवड्यातून एक दिवस सर्वांनी समोरासमोर यावे. पाच-पाच जणांचे गट करून एकमेकांचे काम पाहावे. एखादा दोन आठवडे दिसला नाही तर त्याला दूरध्वनी करावा. आपल्यापैकी ज्यांनी संघटनेचे काम केले आहे, त्यांना हे वेगळे शिकवावे लागणार नाही. माणूस विषयासाठी येतो आणि माणसांमुळे टिकतो.

आपली भाषा

पाचवी गोष्ट भाषेची. इंग्रजी अभ्यासक्रमांचे भाषांतर आता यंत्रे करू लागली आहेत. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्प आणि तंत्रशिक्षण परिषदेचे ‘अनुवादिनी’ हे साधन यांचा उद्देश स्तुत्य आहे आणि ते सुधारत जातील. म्हणूनच ‘हे मराठीत आहे’ एवढे भांडवल यापुढे पुरणार नाही. पण मराठीत उतरवलेले आणि मराठीत सुचलेले यांत फरक आहे. बागायतदाराच्या तोंडी ‘काडी’, ‘डोळा’, ‘घड’ हे शब्द असतात, सुताराच्या तोंडी ‘सांधा’ आणि ‘रंधा’. ज्या शब्दांत विद्यार्थी दिवसभर काम करतो, त्याच शब्दांत त्याला शिकवले तर निम्मे ओझे उतरते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड देऊन त्यांनी दृक्श्राव्य साहित्य मुलांपर्यंत पोहोचवले होते. मुलाच्या हातात आधीच असलेल्या पुस्तकापासून त्यांनी सुरुवात केली, हे मला त्यात महत्त्वाचे वाटते.

यंत्राला काय द्यावे, काय देऊ नये

यंत्राचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. आराखड्याचा पहिला मसुदा, भाषणाचे लिप्यंतर, उपशीर्षके, सरावाचे जास्तीचे प्रश्न, ही कामे त्याला खुशाल द्यावीत आणि वाचलेला वेळ विद्यार्थ्यांना द्यावा. मात्र तीन पथ्ये पाळावीत. यंत्र चुकीची गोष्टही ठामपणे सांगते. म्हणून कायद्याचे कलम, औषधाची मात्रा, सन आणि आकडे मूळ ठिकाणी पाहिल्यावाचून पुढे जाऊ देऊ नयेत. यंत्राची मदत कोठे घेतली हे विद्यार्थ्यांना सांगावे. आणि विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतील तर त्यांची माहिती हाताळताना विशेष काळजी घ्यावी. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे.

पालकांसाठी चार शब्द

सभागृहात पालकही आहेत. बायजूज या कंपनीचे मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर सांगितले जात होते. जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. तेव्हा जाहिरातीचा झगमगाट हा गुणवत्तेचा पुरावा मानू नये. मुलासाठी अभ्यासक्रम घेताना तीन प्रश्न विचारावेत. माझ्या मुलाचे काम कोण तपासणार, आणि किती दिवसांत? मूल अडले तर कोणत्या माणसाशी बोलणार? अभ्यासक्रम संपल्यावर त्याला मदतीवाचून स्वतः काय करता येईल? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर पैसे खिशातच ठेवावेत. शिकवणाऱ्यांनीही हेच तीन प्रश्न स्वतःला विचारले, तर माझे आजचे भाषण त्यांना नाही ऐकले तरी चालेल!

आरंभ लहान असावा

शेवटी एक विनंती करतो. येथून गेल्यावर लगेच स्टुडिओ भाड्याने घेऊ नका. आपल्या विषयातील, आपल्या ओळखीचे दहा शिकणारे निवडा. त्यांना एक खरे काम करायला सांगा. ते कोठे अडतात, हे वहीत लिहून काढा. त्या अडचणींच्या क्रमाने चार आठवडे शिकवा. दर आठवड्याला त्यांचे काम तपासून परत द्या. पाचव्या आठवड्यात, पुस्तक मिटून आणि यंत्र बाजूला ठेवून, ते काम त्यांना पुन्हा करायला सांगा. दहांपैकी सात जणांना ते जमले, तर कॅमेरा लावा. नाही जमले, तर काय बदलायचे हे तुमच्या वहीतच लिहिलेले असेल.

पुढच्या वेळी आपण भेटू तेव्हा ती वही बरोबर आणा. आपण ती एकत्र बसून वाचू.